दरोडेखोरांच्या कोंडवाड्याचा दगड

मी शाळेत इतिहास शिकवते आणि माझ्या न्हाणीतला धुण्याचा दगड चोरीचा आहे! लग्न होऊन आले तेव्हा गावाबाहेरच्या कोंडवाड्यातून आणवला. आरपार भोक, पाणी मस्त निघून जातं. घोडा बांधायचं भोक ते, हे फार उशिरा कळलं.

निजामाच्या काळात दरोडेखोर पैनगंगेपल्याडच्या वऱ्हाडातून घोडे पळवायचे आणि या दगडी आवारात कोंडायचे. ते आवार वाचवायला आम्ही तिघं उठलो: मी, आमचे हेडमास्तर आणि शेजारच्या शेतातले ज्ञानोबामामा. तेव्हापासून दगड कमी होत गेले, किस्से वाढत गेले.

*

पहिलं काम बोर्ड. ‘येथील दगड नेऊ नये.’ मिस्त्रीनं झकास ओटा बांधून त्यावर बोर्ड उभा केला. हेडमास्तर खूश.

“ओट्याला दगड कुठून आणला रे?”

“लांब काहून जावं सर? हितलाच हाय की!”

*

मग मी सातवीचा वर्ग तिथं नेला. भाषण ठोकलं, “हा इतिहास प्रत्येकानं घरी घेऊन जायचा!”

चाळीस लेकरं, चाळीस दगड. एकीनं तर बापाला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं!

*

राखणीला मामांना बसवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, “मामा, आज कोणी आलं होतं?”

“आलते की. म्या सांगितलं, आज ताई येऊन राहिल्या, उद्या न्या.”

*

शेवटी पुरातत्त्वच्या साहेबांचा फोन. “भिंत उभी असेल तरच संरक्षणाचा प्रस्ताव जाईल. केवढी उरलीय?”

“छातीएवढी!” हेडमास्तर म्हणाले आणि भिंतीशेजारचा स्वतःचा फोटो पाठवला.

परत फोन. “सर, तुम्ही बसलाय का?”

“गुडघे दुखतात हो!”

तरी साहेब येतो म्हणाले. देवमाणूस!

*

साहेब येणार त्या सकाळी मी माझा दगड घासूनपुसून ऑटोत टाकला. म्हटलं, आपली चोरी तरी परत करू. पोचते तर सगळं भुईसपाट! साहेबांची गाडी लावायला जागा हवी म्हणून ग्रामपंचायतीनं आदल्या दिवशी जेसीबी फिरवलेला. ओट्यासकट बोर्ड तेवढा ठेवलेला.

गाडी बराबर तिथंच उभी. साहेबांनी वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. हेडमास्तर ओट्यावर बसले. या वेळी फोटोसाठी नाही.

ऑटोवाल्यानं दगड माझ्या पायाशी उतरवला. मला तर रडूच फुटलं.

“मामा, आता हा कुठं ठेवू?”

मामांनी दगडाकडं पाहिलं. मग गाडीकडं.

“चाकामागं लावा ताई. उतार हाय.”