माताजीचा नळ

आमच्या वस्तीत नळ नव्हता, जलकर मात्र होता. घरपट्टीच्या पावतीवर तो खाली वेगळा लिहून येई आणि बाबा न चुकता भरून येत. ते भरवेलीच्या खाणीत कामाला होते. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांचा एक हट्ट होता: आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. तेव्हा आधी कर, मग किराणा.

मी बी.ए. झाले, अर्थशास्त्र घेऊन, अख्ख्या वस्तीत पहिली. निकालाच्या दिवशीही संध्याकाळी आईबरोबर नाल्यापलीकडच्या विहिरीवर गेलेच. डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, पाहून बायका म्हणाल्या, बी.ए. बाई पाणी भरून राह्यली. पाणी भरायची मला लाज नव्हती. आईचा गुडघा सुजायचा, विहिरीच्या पायऱ्या उतरताना ती माझा खांदा धरायची, आणि हे असंच चालायचं हे सगळे धरून चालले होते, त्याचा राग होता.

म्हणून नगरपालिकेत अर्ज दिले. हिंदीत, कारण बालाघाट मध्य प्रदेशात, तिथे मराठी अर्ज बाजूलाच पडत. प्रत्येक वेळी उत्तर एकच, फंड नाही. फंड का नाही हे साऱ्या बालाघाटाला माहीत होतं. राईस मिलवाल्या शेठजींचा कर कित्येक वर्षं अपिलात होता आणि त्यांच्यासारख्या बाकीच्यांचाही. वस्तीत कुणाचा कर थकला की मात्र शिपाई दारात येऊन घरातली भांडी नजरेनं मोजायचा. आम्हाला कुणी अपील शिकवलं नव्हतं.

त्यातच शेठजींच्या आई वारल्या. त्यांच्या पुण्यस्मृतीसाठी शेठजींनी पाणपोई बांधायचं ठरवलं, आमच्याकडे तिला प्याऊ म्हणतात. जागा निवडली आमच्या वस्तीच्या तोंडाशी. आणि ज्या पाइपाला फंड नव्हता तो पाइप नगरपालिकेनं त्या प्याऊपर्यंत आणून दिला. फुकट, कारण काम धर्मार्थ. वर संगमरवरी दगड लागला, त्यावर माताजींचं नाव. खाली रंगानं लिहिलं, पाणी फक्त पिण्यासाठी, भांडी भरू नयेत. तेही उन्हाळ्यापुरतं, दुपारपुरतं.

मी पुन्हा नगरपालिकेत गेले तर बाबू मान वर न करता म्हणाला, "आपके यहाँ तो पानी आ गया, मैडम."

आता यावर माणसानं काय करावं!

घरी आले तर वस्तीचे कारभारी काका ओट्यावर बसलेले. उद्घाटनाला आभार मानायला कुणीतरी शिकलेलं पाहिजे, ती तूच, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं.

"काहून? तुले काय तरास आहे व? माणूस पाणी देऊन राह्यला."

"काका, पाणी आपलंच आहे. जलकर आपण भरतो. शेठनं फक्त दगड देला."

"मंग त्या दगडाचे आभार मान," काका म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

मी गेले. मांडव होता, हार होते, नगरपालिकेचे अध्यक्ष होते. माझी पाळी आली तेव्हा मी मराठीत बोलले. खाणीत मँगनीज फोडून जलकर भरणाऱ्यांचे आभार मानले. विटा वाहून, बिड्या वळून भरणाऱ्या मावश्यांचे मानले. म्हटलं, हे पाणी इथवर आणलं ते तुम्ही. शेठजींना मराठी यथातथाच. सगळ्यांत आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या. "बहुत अच्छा बोली, बिटिया." अध्यक्षांना सगळं कळलं होतं. ते हारातलं फूल तोडत बसले.

मग पाणी वाटप. पाणी पाजायला बसवलेल्या महाराजांनी झारीला हातभर टिनाची नळी लावली. ती कुणाला पाणी देताना लावतात हे आमच्या वस्तीत शिकवावं लागत नाही. पुढच्या बायकांनी सवयीनं ओंजळी केल्या. मी घरून पितळी पेला नेला होता. तो पुढे धरला.

"महाराज, नळी काढा. पेल्यात द्या."

महाराजांनी शेठजींकडे पाहिलं, शेठजींनी अध्यक्षांकडे. शेवटी महाराजांनी नळी काढली आणि वरून, अगदी वरून, पाणी सोडलं. अर्धं माझ्या पदरावर. उरलेलं मी तिथेच उभी राहून प्यायले. काका घरी येऊन बाबांना म्हणाले, पोरीनं हातचं घालवलं. बाबा म्हणाले, हातात काय होतं?

पावसाळ्यात प्याऊला कुलूप लागलं. पाइप मात्र तिथेच, पाण्यानं भरलेला, आणि बायका चिखल तुडवत नाल्यापलीकडे. मग मी बायकांना घेऊन रिकाम्या गुंडांसकट नगरपालिकेच्या दारात बसले. पाइप आलेला आहे, तोटी लावा, एवढंच मागणं. उत्तर मिळालं की कनेक्शन दानात गेलेलं आहे, दात्याची परवानगी लागेल. आमच्या पैशाचा पाइप, आणि परवानगी शेठजींची! माझं डोकं तडकायचं बाकी होतं. शेठजींनी लगेच परवानगी दिली. उलट खूशच झाले, म्हणाले माताजींचं पुण्य वाढेल. प्याऊच्या मागच्या भिंतीला, आमच्या बाजूनं, तोटी लागली. तिच्या डोक्यावर दुसरा दगड बसला, त्यावरही माताजीच. वस्तीनं नावही ठेवून टाकलं, माताजीचा नळ. जलकर पुढेही येतच राहिला, बाबा भरतच राहिले.

पहिल्या दिवशी आईनं गुंड तोटीखाली लावला, दगडाकडे पाहून हात जोडले. म्हणाली, "भली बाई असन व, शेठची माय."

मी चिडले. "आई, हा बाबांच्या पैशाचा नळ आहे."

"हौ, मले मालूम आहे," आई म्हणाली. "पण तुह्या बापाचं नाव कोठी लिवलं आहे?"

उत्तर मला येत होतं. तेवढ्यासाठीच तर बी.ए. केलं होतं. पण मागे रांग लागलेली, आणि गुंड भरून वाहायला लागला होता. आई म्हणाली, उचल आता, पाणी वाया जाऊन राह्यलं.