चेहऱ्यावरची खरखर

"पाहुणा बोलावून येत नसतो, साहेब," असं म्हणून रेडिओवाले आमच्या रिसीव्हरशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायचे. पाहुणा म्हणजे खरखर. मला मात्र समोर खुर्चीत, दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसवायचे आणि सांगायचे, "हलू नका. गाणं ऐका." स्वतःचं तोंड रिसीव्हरकडे नाही, माझ्याकडे. मला वाटायचं, असेल एकेकाची पद्धत.

ज्यांच्या घरात जुना स्टिरिओ आहे त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. आमचा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात, थोरल्या भावाने आखातातून आणलेला. लालबागच्या चाळीत तो वर्षानुवर्षं बिनतक्रार गायला. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर गेलो आणि याला खरखर लागली. तीही सरळ नाही. तासभर काही नाही, मग ऐन तानेवर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज, आणि पुन्हा सगळं शांत. मेकॅनिक दारात आला की डबा एकदम शहाणा. दोन मेकॅनिक "नवीन ब्लूटूथवाला घ्या" असं सांगून गेले. तिसऱ्याला मी बोलूच दिलं नाही. मी मुळात चिडका, आणि निवृत्त झाल्यापासून चिडायला दिवसभर मोकळा.

शेवटी खालच्या वॉचमनने यांना पाठवलं. परळ-लालबागमध्ये सगळे त्यांना रेडिओवाले म्हणत. सत्तरीचे, सडपातळ, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. डबा उघडायचा आणि त्या काडीने आतल्या एकेका जोडावर हळूच टिचकी मारायची. "लाकूड करंट घेत नाही. देवाचं झालं की आमचं," म्हणायचे. टिचकी मारली की माझ्याकडे बघायचे. पुन्हा टिचकी, पुन्हा माझ्याकडे.

पहिल्या भेटीत त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही. "पाहुणा कधी येतो ते कॅलेंडरवर लिहा," एवढंच सांगून गेले. आमच्या हिला अशी कामं भारी आवडतात. दुधाच्या खाड्याशेजारी ती रोज "ख" काढू लागली. कुठल्या दिवशी तीन ख, कुठल्या दिवशी एकही नाही. पुढच्या खेपेला त्यांनी तो महिना पंचांग वाचावं तसा वाचला आणि म्हणाले, "दुपारी जास्त येतो. गरम झालं की येतो. म्हणजे बाहेरचा नाही, घरातलाच आहे."

बोलायचे कमी. मी काही विचारलं तर माझे ओठ थांबेपर्यंत बघत राहायचे आणि मग उत्तर द्यायचे. पाठमोरे असताना विचारलं तर उत्तरच नाही. शिष्ट दिसतोय, असं मी हिला म्हणालोसुद्धा.

तिसऱ्या खेपेची गोष्ट. त्या दिवशी माझी डावी दाढ सकाळपासून ठणकत होती. गाणं स्वच्छ चालू होतं, काडी आत फिरत होती, आणि दाढेतून अशी कळ आली की माझा डोळाच मिटला.

"आला," ते म्हणाले. "डावीकडून."

खोलीत खरखरीचा मागमूस नव्हता.

"ती माझी दाढ होती," मी म्हणालो.

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. मलाही मग एकेक उलगडत गेलं. ती खुर्ची, ते 'हलू नका', ते ओठांकडे बघणं. माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही आणि लोकांचे स्टिरिओ दुरुस्त करता? काय चेष्टा लावलीय?"

त्यांनी सेट बंद केला. हे भांडतील किंवा सारवासारव करतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"उजवा कान गेलाय. डावा थोडा आहे," ते म्हणाले. "गाणं कळतं, माणसाचं बोलणं ओठ दिसले तर कळतं. पाहुणा बारीक असतो, तो नाही कळत."

तरुणपणी ते गिरणीत होते, साचाखात्यात. तिथे सगळे माग एकदम चालू असले की शेजारच्याला ओरडून सांगितलेलंही पोचत नाही. कामगार नुसत्या ओठांवर बोलत. एकमेकांची लग्नं ठरवली, भांडणं केली, सगळी अशीच. गिरणी बंद पडली तेव्हा ते रेडिओचं काम शिकले. कान मात्र साचाखात्यातच गेले होते, ते कळायला उशीर झाला. ऐकू येणं कमी होत गेलं तसे ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ऐकायला लागले.

"खरखर आली की माणसाची भुवई हलते," ते म्हणाले. "त्याला स्वतःला कळायच्या आधी."

"मग मशीन लावा की कानाला."

"मशीन गिऱ्हाइकाला दिसतं, साहेब. बहिऱ्याच्या हातात रेडिओ कोण देईल? हे कुणाला माहीत नाही. बिल्डिंगमध्ये बोलू नका. मला दुसरं काही येत नाही, घरी बसून मी करू काय?"

मी कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा नाही, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात हे पहिलंच. पण मी दुसरा मूर्खपणा केला. मला त्यांची दया आली.

चौथ्या खेपेला त्यांना आत एक छोटा स्विच सापडला. सेट लावल्यावर टक् करून स्पीकर जोडतो तो. त्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्यांनी त्या घासूनपुसून लख्ख केल्या, सेट लावला आणि मला खुर्चीत बसवलं. अर्धं गाणं छान गेलं. मग उजव्या बाजूने, अगदी पुसट, ती आलीच. मी आधीच ठरवून बसलो होतो. म्हातारा माणूस, चौथ्यांदा आलाय, आता पुरे. मी तोंडावरची माशीही हलू दिली नाही.

"गेली," मी म्हणालो. "एकदम साफ."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"साहेब, गाणं ऐकणाऱ्याचा चेहरा इतका गप्प नसतो."

"अहो, खरंच गेली," मी म्हणालो.

"तोंडाने काय वाटेल ते बोला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण ते दुखावले होते हे मला दिसत होतं. "चेहरा खोटा केलात तर मात्र मी खरंच बहिरा झालो."

मला आयुष्यात पुष्कळांनी सुनावलं आहे आणि मी सगळ्यांना उलटून बोललो आहे. त्या दिवशी मात्र मला मनापासून लाज वाटली.

त्यांनी पुन्हा डबा उघडला. त्या स्विचच्या पायाशी कथलाचा डाग दिलेला होता, त्याला केसाएवढी भेग होती. डबा तापला की ती उघडायची, गार झाला की मिटायची. त्यांनी नवा डाग दिला आणि मला तासभर समोर बसवलं. मी बापुडा जसा आहे तसा बसलो. तासाने तेच उठले आणि म्हणाले, "आता गेला." मी काही बोललोच नव्हतो.

पुढे ते कामाशिवायही यायचे. चहा घ्यायचे, चार गोष्टी माझ्या ओठांवरून वाचायचे आणि जायचे. बिल्डिंगमधली पाच-सहा कामं मीच त्यांना मिळवून दिली. गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचो, "ते बसवतील तिथे बसा आणि शहाणपणा करू नका."

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांना परळला हॉस्पिटलात ठेवलं होतं. "डाक्टर काय सांगतत ता माका कळना नाय. तुमी शिकलेले, जरा ईचारशात?"

मी गेलो. डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर घेऊन सांगितलं की कॅन्सर फुप्फुसात सगळीकडे पसरला आहे, आता थोडेच दिवस. परत आत येईपर्यंत मी एक बरंसं वाक्य जुळवलं होतं. खाटेभोवती चार नातेवाईक हसऱ्या तोंडाने "काय नाय होत तुम्हाला" म्हणत उभे होते. रेडिओवाले त्यांच्यातल्या कुणाकडेच बघत नव्हते. मी आलो तसं त्यांनी सगळ्यांना हाताने बाजूला केलं.

"काय म्हणाले?"

जुळवलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. मी चेहरा सावरला नाही. सावरायचा नाही असं ठरवलं होतं की सावरता आला नाही, ते मला अजून सांगता येणार नाही. त्यांनी लागेल तेवढा वेळ बघून घेतलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि माझ्या हातावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले. त्यांची बायको पाण्याची बाटली भरून येईपर्यंत मी ते पुसले.

"काय म्हणतत डाक्टर?" तिने विचारलं.

मी खाली बघितलं. ते तिच्याकडे वळले आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "सोमवारी घराक सोडतले."

त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. तिने बाटली खाली ठेवली, खाटेखालची पिशवी ओढली, त्यांचा इस्त्रीचा बुशशर्ट बाहेर काढला आणि सोमवारसाठी वर ठेवला.