शिवदासांचे बूट

गोव्यातल्या मये गावच्या शिवदास गावसांनी तरुणपणी रॉक अँड रोलच्या बँडमध्ये ड्रम वाजवले, पुढे चाळीस वर्षं जत्रेच्या नाटकांना तबला. आज जुन्या वादकांच्या गौरवाला सगळे नामवंत कलाकार जमले होते. चित्रीकरणाला आठ कॅमेरे, आणि शिवदासांच्या वाट्याला ड्रमवर एकच गाणं. मधुमेहाने त्यांचं उजवं पाऊल बधिर झालंय, हे फक्त बायकोला, प्रभावतीला ठाऊक. आयोजकांना कळलं असतं तर गाणं दुसऱ्याला गेलं असतं. जाड बूट घालून ड्रमच्या, पायाने दाबायच्या पॅडलचा धक्का गुडघ्यात ओळखायला ते महिनाभर शिकले होते.

नाव पुकारलं. नाटकातल्या सवयीने त्यांनी पायरीशी बूट काढले, रंगमंचाला नमस्कार केला आणि ड्रममागे जाऊन बसले. पाऊल पॅडलवर आहे की जमिनीवर, काही कळेना. गाणं सुरू करायला गायक आकडे मोजू लागला.

"थांब रे! प्रभा, बूट!"

प्रभावती बूट घेऊन वर आली. कॅमेरे वळले.

"देवळात आयल्यात काय तुम्ही?" नाड्या बांधताना ती पुटपुटली.

"आणि तुझ्या चपला खंय गो?"

तिच्याही पायरीशीच राहिल्या होत्या.

"आता सगळ्यांक कळलां," ते म्हणाले.

"कळूं दी. वाजवा."

त्यांनी पॅडल दाबलं. गुडघ्यात धक्का आला. गायकाकडे बघून त्यांनी मान हलवली.