व्हॉल्व्ह तीनची अर्धी ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा तर चालू कॉम्प्युटरवरही विश्वास नाही... तेरा वर्षं बोईसरच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या माणसाचा कशावर राहणार? तरी हे लिहितोय, कारण बायको आता ऐकून घेत नाही.

तारापूर एमआयडीसीतला एक केमिकल कारखाना. रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीवर, जे काही घडेल — तापमान वाढलं, व्हॉल्व्ह उघडला, अलार्म वाजला — त्याची वेळेसकट एकेक ओळ 'लॉग' नावाच्या फाइलमध्ये लिहायची, एवढंच माझ्या प्रोग्रामचं काम. लिहितालिहिता वीज गेली तर ओळ अर्धी राहते. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी, त्या ओळीतल्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. तो नसला किंवा जुळला नाही, तर ओळ बाद. नियम माझाच, आणि मला त्याचा फार अभिमान.

वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून यूपीएस बसवून दिला होता. त्यावर या लोकांनी चहाची किटली लावली! बॅटरी कधीच बसली. मी तीनदा लेखी तक्रार केली, तिन्ही वेळा मला चहा मिळाला.

त्या मंगळवारी दुपारी तापमान चढलं आणि अख्खी बॅच करपली. ड्युटीवर जनूकाका होते. माकुणसार गावचे, घरची केळीची वाडी, निवृत्तीला तीन महिने. वाडीतल्या पंपाची त्यांना सवय — काही बिघडलं की आधी मेन स्विच पाडायचा. तोच इथंही पाडला, आणि त्याबरोबर कॉम्प्युटरही गेला. स्विच पाडण्याआधी थंड पाण्याचा तीन नंबरचा व्हॉल्व्ह आपण उघडला होता, असं काकांचं म्हणणं. तसं असेल तर पाणी पुढे पोचलंच नाही, दोष पाइपलाइनचा. नसेल तर काकांचा निष्काळजीपणा, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कपाळी डाग घेऊन घरी. नंतरच्या धावपळीत चार जणांनी सगळे व्हॉल्व्ह फिरवले होते, त्यामुळे बघून काही कळायची सोय नव्हती. साहेब म्हणाले, "लॉगमध्ये असेल तर मानतो."

बुधवारी सकाळी काकांच्या समोरच मी फाइल उघडली. शेवटची ओळ — १४:०७:३१, व्हॉल्व्ह तीन... बस्स. उघडला की बंद केला, ते लिहायच्या आत वीज गेलेली.

"काका, ही ओळ बाद."

"बाद कशी? अरे, या हातानं खोललाय मी! तुमी सगळे मशीनला विचारता, माणसाला कोण विचारत नाय."

म्हातारा थापा मारतोय, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मी स्क्रीनचा फोटो काढला, ओळ अर्धीच असल्याचं साहेबांना फोनवर कळवलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि साहेबांच्या केबिनबाहेर तासभर ताटकळलो. आत जाऊन आधी फोटो दाखवला, मग पेनड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला लावला, तर शेवटची ओळ पूर्ण! 'व्हॉल्व्ह तीन उघडला.' पुढे पडताळणीचा आकडा. तपासला. जुळला.

"फोनवर तर अर्धी म्हणालास," साहेब म्हणाले. "मधे हात कोणी लावला?"

माझं डोकंच फिरलं. "मी लावला असता तर हा फोटो तुम्हाला कशाला दाखवला असता?"

कंट्रोल रूममधली मूळ फाइल पाहिली, तीही पूर्ण. दोन्हींवर शेवटच्या बदलाची वेळ आदल्या दुपारची. डिस्कनं उशिरा लिहिलं म्हणावं, तर खिशातली प्रत कोणी बदलली? दोन मित्रांना विचारलं. दोघांनी मला झोप पुरेशी होते का, ते विचारलं.

साहेबांनी लेखी मागितलं — ओळ ग्राह्य की बाद? माझ्याच नियमानं ग्राह्य होती. चडफडत सही केली. मग पाइप उघडला, तर आत गाळ तुंबलेला. काका सुटले.

संध्याकाळी गेटवर मी त्यांना फोटो दाखवला. "काका, सकाळी ही अर्धीच होती हो. पुरी कशी झाली असेल?"

त्यांनी फोटो नीट बघितला, फोन माझ्या हातात दिला.

"तुला नवल कसलं वाटतंय? ओळ पुरी झाली त्याचं, का मी खरं बोलत होतो त्याचं?"

ओळीचं कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तिथल्या तिथं माहीत होतं.