नायट्यालाही जुनी फाईल

डॉ. सुमतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका रुग्णाला परत पाठवत होत्या. त्वचारोगाचं शिक्षण संपवून मी नुकतीच त्यांच्या बोईसरच्या दवाखान्यात रुजू झाले होते. सरावलीहून आलेल्या त्या गृहस्थांना साधा नायटा होता. पण जुन्या आजारांची फाईल आणली नाही म्हणून बाईंनी त्यांना घरी पिटाळलं. नायट्याला फाईल कशाला, असं ते पुटपुटले. मनातून मीही त्यांच्याच बाजूची होते.

बाईंना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून माझी चूक बाबांच्या परवानगीने जाहीर सांगते.

माझे बाबा तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या ओटीपोटावर लालसर, कडक गाठी आल्या, तेव्हा "कंपनीचाच परसाद हाय," म्हणून त्यांनी विषय संपवला. आमच्याकडे अंगावर काही उठलं की बोट कारखान्याकडेच जातं. मीही तीन आठवडे मलम दिलं. त्यांना पूर्वी प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर आम्ही ते नावच घरात काढत नव्हतो. इतरांच्या फायली वाचणाऱ्या मी स्वतःच्या वडिलांची उघडली नाही.

मलमाने गुण येईना, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेलं. बाईंनी बाबांनाही फाईल आणायला लावली. ती वाचून मगच गाठींना हात लावला आणि त्याच दिवशी तुकडा तपासणीला पाठवला. प्रोस्टेटचाच कर्करोग त्वचेत पसरला होता. बाई मला रागावल्या नाहीत. समोर बसवून चहा पाजला. बाबांपासूनही काही लपवलं नाही. असं क्वचित होतं, आणि झालं तर बरेचदा हाती काही महिनेच असतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"पण भाऊ, हार्मोनचं औषध तुम्हाला अजून दिलेलंच नाही. लागू पडलं तर वेळ मिळेल. किती, ते मला माहीत नाही."

मुंबईच्या तज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले आणि औषध लागू पडलं. गाठी बसल्या. आजार गेलेला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे; पण दोन वर्षं होत आली, बाबा बाजारातून स्वतः बोंबील निवडून आणतात आणि मला पुन्हा झोप लागते. प्रत्येक तपासणीचा कागद ते आपल्या हाताने फाईलला लावतात. "पानं वाढतात, म्हंजे आमी हाय," म्हणतात.

आज बाईंच्या सत्काराला ते फाईल घेऊनच येणार आहेत. नाहीतर बाई परत पाठवतील, अशी त्यांना धास्ती आहे. बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. बाबांच्या फाईलला अशीच पानं लागत राहोत, आणि तुमची फाईल मात्र कोरीच राहो.