आधी म्हणजे कुठून?

"मॅडम, तुमच्या मशीनने चूक केलीन्," सावंत सर म्हणाले आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

सावंत सर आमचे एचओडी, गणिताचे विभागप्रमुख. त्यांच्या शेजारी प्राचार्य बसले होते. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब एकच. गुरुवारचा एक तास मी गणितासाठी भांडून मिळवला होता. तो ठेवायचा की काढून घ्यायचा, हे प्राचार्य आज वर्गात बसून ठरवणार होते.

मला तो तास हवाच होता. ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्राची प्रमेयं घडाघडा म्हणणारी पोरं वीस वर्षं बघत आले. एखादा ग्रुप, म्हणजे ठरावीक नियमांनी बांधलेला गणिती संच, हाताळून बघ म्हटलं की वही चाळायला लागतात. गॅप नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात ग्रुप तयार करायचा, उलटापालटा करायचा, प्रश्न विचारायचे. "गॅप पोरांच्या डोक्यात कमी आहे का?" असं मी तास मागितला तेव्हाच सावंत सर म्हणाले होते.

आजचं उदाहरण परम्युटेशनचं, म्हणजे जागांच्या अदलाबदलीचं. (१ २) म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या जागेवरच्यांनी जागा बदलायची. पुस्तकात (१ २)(१ ३) चं, म्हणजे या दोन अदलाबदली एकामागून एक केल्याचं, उत्तर (१ ३ २) होतं: पहिला तिसऱ्या जागी, तिसरा दुसऱ्या, दुसरा पहिल्या. पडद्यावर आलं (१ २ ३).

"सानिका, टायपिंग चुकलं असेल. परत कर," मी म्हटलं.

सानिका राजापूरकडच्या एका खेड्यातून आलेली. तिने तीनदा टाइप केलं. तीनदा तेच उत्तर.

"कॉम्प्युटर सायन्सवाले लॅब मागतायत," सावंत सर प्राचार्यांना म्हणाले. माझे कान तापले. पण हरायचं नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

"मॅडम, आधी (१ २) करायचं ना?" सानिकाने विचारलं.

"नाही गो, आधी (१ ३)."

"पण आधी तर (१ २) लिवलंय. आधी म्हणजे आधी लिवलेलं, की आधी करायचं?"

मी पुस्तकातलं ते पान पुन्हा बघितलं. आमचं पुस्तक उजवीकडून सुरू करतं. गॅप डावीकडून करत असेल तर?

"करून बघूया," मी म्हटलं आणि तीन खुर्च्या ओळीत मांडल्या. पहिलीवर प्राचार्य, दुसरीवर मी. सावंत सर कुरकुरत तिसरीवर बसले.

"सानिका, तू सांग."

"आधी पुस्तकासारखं. पहिले आणि तिसरे सर, उठा. आता पहिली आणि दुसरी खुर्ची."

प्राचार्य तिसऱ्या खुर्चीवर गेले, सावंत सर दुसऱ्या आणि मी पहिल्या. पुस्तकाचं उत्तर बरोबर. आम्ही परत मूळ जागी आलो.

"आता गॅपसारखं, डावीकडून."

या वेळी प्राचार्य दुसऱ्या खुर्चीवर, मी तिसऱ्या आणि सावंत सर प्राचार्यांच्या खुर्चीत. वर्गात हशा पिकला. पडद्यावरचं उत्तरही बरोबर.

"सावंत, आता सांगा," प्राचार्य म्हणाले, "मशीनने चूक केलीन् का?"

सावंत सरांनी खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. "नाय सर. हीच पद्धत बरी वाटते."

तास राहिला.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये सानिकाचं जर्नल काढलं. मागच्या दोन आठवड्यांत तिने गॅपवर पडताळून लिहिलेल्या तीन उत्तरांवर माझ्याच लाल फुल्या होत्या. पुस्तकाशी जुळत नाहीत म्हणून मी त्या न विचारता मारल्या होत्या. तिनेही काही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. फुल्या खोडल्या, सही केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली.

"मला वाटलं माझंच चुकतंय," ती म्हणाली.

आता दर गुरुवारी फळ्याच्या कोपऱ्यात मी बाण काढते: आज डावीकडून की उजवीकडून. लाल पेन त्याच्यानंतर उघडते.