खंडेनवमीला मांडलेले ब्रेक पॅड

माझे सासरे, आबा, गाडीत कधीच पुढे बसत नसत. मागची डावी सीट त्यांची. मी वेग जरा वाढवला की त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर दाबला जायचा, जणू तिथेही एक ब्रेक बसवला होता. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे मला वाटायचे, सून गाडी चालवते हे त्यांना पटत नाही. मग लक्षात आले की माझा नवरा चालवत असला तरी पाय तसाच दाबला जातो. उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात आयुष्य गेलेला माणूस, सवय असेल, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

गाडी माझी आहे, छोटी, लाल, आता दहा वर्षांची. शेळगावहून बारामतीच्या एमआयडीसीत मी रोज तिच्यातूनच जाते. तिथे यंत्राचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे तपासणे माझे काम. त्यामुळे स्वभावही तसाच झालाय, असे नवरा म्हणतो. तो शिमला मिरचीच्या शेडनेटमध्ये असतो आणि भाजीच्या फोडीही मापात आहेत का म्हणून मला चिडवतो. असो. वर्षातून एक दिवस मी ही गाडी ट्रॅकवर नेते. पुण्याच्या पलीकडे माळावर एक डांबरी ट्रॅक आहे. तो दिवसभरासाठी भाड्याने घेऊन आमच्यासारखे काही हौशी लोक गाड्या पळवतात. शर्यत नसते, बक्षीस नसते. पण त्या एका दिवसावर माझे वर्ष निघते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आदल्या वर्षी चौथ्याच फेरीला ब्रेकचा पेडल मऊ पडला. पाय खाली जातोय आणि गाडी थांबत नाही. पुढच्या चाकांतून धूर आणि करपल्याचा वास. कशीबशी गाडी कडेला घेतली. तेव्हाच ठरवले की पुढच्या वेळी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क आणि त्यांना आवळून धरणाऱ्या पॅडच्या जोड्या चांगल्या घालायच्या, नाहीतर यायचेच नाही.

चांगल्या म्हणजे कोणत्या, इथे गाडी अडली. मोबाइलवर बघावे तर प्रत्येक जण आपलीच टिमकी वाजवतो. मला भोके पाडलेल्या, चकचकीत डिस्कचा मोह पडला होता. बारामतीतल्या माझ्या मिस्त्रींनी तो एका वाक्यात उतरवला. भोकांपाशी तडे जातात, दिसायला छान आहेत तर भिंतीला लावा, म्हणाले. साध्या, चांगल्या धातूच्या डिस्क आणि ब्रेकचे नवे, लवकर न उकळणारे ऑइल, एवढे बास. खरा प्रश्न पॅडचा होता. ट्रॅकसाठीचे कडक पॅड तापले की दातात धरल्यासारखे धरतात, पण थंड असताना घसरतात. आणि मला तर सकाळी सातला घरातून निघून पहिल्याच वळणावर शेळ्यांसाठी थांबायचे असते. रस्त्याचे साधे पॅड शेळ्यांपुरते ठीक, पण चौथ्या फेरीला पुन्हा धूर.

महिनाभर मी जेवतानाही हेच बोलत होते. आबा गप्प ऐकायचे. एकदा मी कडक पॅडचे गुण गात असताना त्यांनी एवढेच विचारले, "पर थंड असताना धरतंय का?" मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. शेवटी मधल्या जातीचे पॅड मागवले. थंडही धरणारे आणि ट्रॅकवर पाचपाच फेऱ्यांचे तुकडे केले, मध्ये गाडी निववली, तर टिकणारे. त्या निवडीचा मला फार अभिमान वाटत होता.

पार्सल आले खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. ट्रॅकचा दिवस दसऱ्यानंतरच्या रविवारी. आमच्याकडे खंडेनवमीला घरातले सगळे लोखंड पूजेला मांडतात. कोयते, खुरपी, नांगराचे फाळ, नटबोल्टचे पाने, पंपाची पुली, काहीच सुटत नाही. मीही हौसेने दोन डिस्क आणि चार पॅड खोक्यातून काढून पाटावर मांडले आणि हार करायला झेंडू तोडायला गेले.

परत आले तर सासूबाईंची पूजेची तयारी झाली होती. दरवर्षी पूजेआधी त्या प्रत्येक वस्तूला गोडेतेल चोळतात. गंज चढू नये म्हणून, आणि वर्षभर राबलेल्या हत्याराला जरा माया म्हणून. फाळाला तेल, कोयत्याला तेल. आणि माझ्या पॅडला तर त्यांनी दोनदा चोळले होते, कारण पहिले तेल आत जिरून गेले. ते कोरडे दिसले म्हणून पुन्हा. वर हळदीकुंकू. कौतुकाने मला म्हणाल्या, तुझ्या सामानाला लई तेल लागलं गं.

बोलले असते तर वाईट बोलले असते. ब्रेकच्या पॅडला तेल म्हणजे विषच. डिस्क पुसून स्वच्छ होते, पॅड आतून पितो. सासूबाईंवर राग काढणे सोपे होते, पण पाटावर ते मांडले कोणी? मीच. दिवसभर मापे तपासणाऱ्या बाईला एवढे सुचू नये? पूजा झाली, नैवेद्य झाला. मी पॅड उचलले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले.

मिस्त्री दसऱ्याला गावी गेले होते. नवे पॅड यायला दोन आठवडे. रविवार पाच दिवसांवर. मी पॅड पेट्रोलमध्ये धुतले, पॉलिश पेपरने घासले, उन्हात ठेवले, पुन्हा घासले. संध्याकाळपर्यंत ते नव्यासारखे दिसायला लागले. मी मनाशी म्हटले, झाले की. उद्या स्वतःच बसवू.

आबा कधी येऊन शेजारच्या दगडावर बसले ते कळले नाही. त्यांनी एक पॅड हातात घेतला, अंगठा घासला, नाकाशी धरला. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"मीबी आसंच धुतलं हुतं. ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आईल उतरलं हुतं, सील गेलं हुतं. नवं लायनर आणाया बारामतीला जायाचं तर दोन दिस मोडत्यात. आन आमच्या उसाची तोड आलेली. म्हटलं, पाळी गेली तर ऊस महिनाभर रानात वाळंल. पेट्रोलनं धुतलं, घासलं, बसवलं. अंगणात धरलं. मोकळ्या रस्त्याला धरलं."

मी विचारले, मग?

"भरल्या ट्रॉल्या घेऊन कॅनॉलच्या उताराला लागलो. ब्रेक तापला आन आतलं आईल भाईर आलं. मडगार्डवर धाकटा बसला हुता."

धाकटा म्हणजे आबांचा भाऊ, माझे चुलत सासरे. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. ट्रॉलीची पिन तुटली आणि ट्रॅक्टर उलटला, असेच मी लग्नापासून ऐकत आले होते. नवऱ्यालाही तेच माहीत आहे. आबांचे डोळे कोरडे होते, पण पॅड धरलेला हात मांडीवर घट्ट दाबलेला होता.

"त्याला ठावं हाय," आबा म्हणाले. "त्यानंच पिनीचं सांगितलं समद्यांस्नी."

पॅड माझ्या हातात ठेवून ते आत गेले. मी अंधार पडेपर्यंत तिथेच होते. खरे सांगायचे तर तेव्हाही मला ट्रॅकचाच मोह होत होता. पाच फेऱ्या मारू, जपून मारू, असे डोक्यात चाललेच होते. मग एक पॅड उचलून नाकाशी धरला. पेट्रोलच्या वासाखाली गोडेतेलाचा वास होताच. मी ट्रॅकवाल्यांना फोन करून रविवारच्या यादीतून माझे नाव काढायला सांगितले आणि त्या रात्री उशीत तोंड घालून रडले, लहान पोरीसारखी. चारही पॅड सकाळी भंगारात टाकले. सासूबाईंना शेवटपर्यंत कळू दिले नाही.

नवे पॅड दिवाळीच्या आधी आले. मिस्त्रींनी डिस्क स्वच्छ करून सगळे बसवले आणि बजावले की आता पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतील. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगावरून विसावर, असा दहा वेळा ब्रेक दाबायचा, मग ब्रेक न लावता गाडी निववत आणायची. रविवारी पहाटे मी निमगाव केतकीच्या बाजूच्या रुंद रस्त्याला जायचे ठरवले. अंगणात गाडी सुरू केली तर आबा आले. मागचे दार न उघडता पुढचे उघडले, बसले, पट्टा लावला. मी गाडी रस्त्याला काढली.

पहिल्या पाच वेळा त्यांचा पाय माझ्याबरोबरच दाबला जात होता. गाडी दर वेळी सरळ राहत होती आणि वेग चोख उतरत होता. दहा झाल्यावर करपल्याचा थोडा वास आला, मी सांगितले की हा असा यायचाच. आबा म्हणाले, व्हय.

परतताना उजाडले होते. मी सावकाश, ब्रेकला पाय न लावता गाडी आणत होते. शेळगाव जवळ आले तेव्हा ब्रेक पुरते निवले होते. वळणावर अचानक उसाची ट्रॉली आडवी आली, रानातून रस्त्यावर चढत होती. मी ब्रेक दाबला. थंड ब्रेकने गाडी जागेवर धरली. मी धास्तावून शेजारी बघितले. आबांनी चपला केव्हाच काढल्या होत्या आणि दोन्ही पाय वर घेऊन ते सीटवर मांडी घालून बसले होते. ट्रॉली पुढे जाईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.